माळेत मणी १०८च का? (एका तुटलेल्या माळेवरून)

पाटीपेन्सिल (धागाकर्ती), रविवार, सकाळी १०.१५

मागच्या एकादशीला आईची तुळशीची माळ तुटली. आई जाऊन सहा वर्षं झाली. माळ देवघरात गोमुखीत असते, एकादशीला मी बाहेर काढते. दोरा जुना होता. हातात घेतली आणि मधूनच सुटली, मणी टपटप फरशीवर पसरले. मी आणि पाचवीतली नात, दोघी सतरंजी उचलून, कपाटाखाली केरसुणी घालून मणी गोळा करत बसलो. नातीने दहा-दहाचे ढीग लावले. मेरुमणी सोडून १०७ भरले. एक मणी काही केल्या सापडला नाही.

ढीग मोजता मोजता तिने विचारलं, "आजी, शंभर का नाही ठेवत? मोजायला सोपं."

मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. तरी तोंडात आलं ते नेहमीचंच उत्तर: बारा राशी गुणिले नऊ ग्रह, म्हणजे १०८. त्यावर ती म्हणाली, "पण राशी आणि ग्रह गुणायचे कशाला? बेरीज का नाही करायची?"

बेरीज केली तर एकवीस येतात, गणपतीच्या दूर्वा आणि मोदक. गुणाकारच का, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन रात्री विचार केला आणि जे सापडलं ते इथे मांडते.

पंचांगात आकाशाच्या एकाच वर्तुळाचे दोन तऱ्हेचे भाग पडतात. १२ राशी आणि २७ नक्षत्रं. आपल्याकडे म्हणतातच, सव्वादोन नक्षत्रांची एक रास. तो 'सव्वा' महत्त्वाचा आहे. २७ ला १२ ने भागलं की सव्वादोन येतात, म्हणजे नक्षत्राचे चार तुकडे केल्याशिवाय रास पुरी होत नाही. त्या तुकड्याला आपण चरण म्हणतो. नक्षत्राला चारच चरण का, तीन किंवा पाच का नाहीत, याचं उत्तर त्या 'सव्वा'त आहे. २७ नक्षत्रांचे चार-चार चरण झाले १०८, आणि एका राशीत बरोबर नऊ चरण बसतात. ज्योतिषी ज्याला नवमांश म्हणतात तो हाच तुकडा.

शाळेच्या भाषेत सांगायचं तर १०८ हा १२ आणि २७ चा लसावि आहे. राशींच्या आणि नक्षत्रांच्या, दोन्ही रेघा ज्याच्यावर नेमक्या पडतील अशी सगळ्यात कमी खुणांची पट्टी करायची, तर तिच्यावर १०८ खुणा लागतात.

नातीला हे दाखवायला मी खरोखरच १०८ सेंटिमीटरची कागदी पट्टी कापली. दर ९ सेंटिमीटरला लाल रेघ, ती रास. दर ४ सेंटिमीटरला निळी रेघ, ते नक्षत्र. मग टोकाला टोक चिकटवून कडं केलं. लाल आणि निळी रेघ फक्त तीन ठिकाणी एकावर एक आल्या: सुरुवातीला, ३६ वर आणि ७२ वर. मसावि ३ आहे म्हणून तीन. पंचांगाशी ताडून पाहिलं तर त्या तीन जागा म्हणजे रेवती-अश्विनी, आश्लेषा-मघा आणि ज्येष्ठा-मूळ यांचे सांधे. गंडांत म्हणून ज्यांची शांत करतात, त्याच या जागा. रास आणि नक्षत्र दोन्ही एकदम संपतात अशा वर्तुळात तीनच जागा आहेत, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कागदाच्या कड्यावर दिसलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमच्याकडे १०८ बद्दल काय आहे ते लिहा. फक्त आलेला मेसेज तसाच चिकटवू नका, स्वतः पडताळलेलं किंवा डोळ्यांनी पाहिलेलं लिहा.

निवडुंग, रविवार, सकाळी ११.०२

सुंदर धागा. वाचनखूण साठवली. 'सव्वादोन नक्षत्रांची रास' हे आजीच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, पण त्यातल्या सव्वामुळे चरण चार झाले हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

दोन_डोळे_शेजारी, रविवार, दुपारी १२.४०

ताई, त्या १०८ चरणांचा आमच्या घरात प्रत्यक्ष अनुभव आला, तो लिहितो.

प्रत्येक चरणाला एक अक्षर असतं, अवकहडा चक्रात. अश्विनीचे चू, चे, चो, ला. भरणीचे ली, लू, ले, लो. बारशाला नावरस नाव काढतात ते त्यावरून. म्हणजे १०८ चरणांना १०८ अक्षरं. आमची मुलगी आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात जन्मली. आर्द्रेची अक्षरं कु, घ, ङ, छ. तिसरं अक्षर ङ! गुरुजींनी पंचांग उघडलं, बोट ठेवलं आणि आमच्याकडे पाहिलं. ङ वरून काय नाव ठेवणार? शेवटी त्यांनीच सांगितलं, त्याच नक्षत्रातलं दुसरं अक्षर घ्या, आणि आम्ही छ घेतलं.

नंतर मी सगळं चक्र वाचून काढलं. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. उत्तराभाद्रपदाची दू, थ, झ, ञ. म्हणजे १०८ मध्ये ङ, ण आणि ञ अशी तीन घरं आहेत, ज्यांच्यावरून आपल्या भाषेत नाव सुरूच होत नाही. चक्र लावणाऱ्याने वर्णमालेची शिस्त पाळली, नावांची सोय पाहिली नाही. मला ते आवडलं.

शमी, रविवार, दुपारी ३.२५

मांडणी आवडली, पण एक अडचण आहे आणि ती मोठी आहे.

नक्षत्रं आपल्याकडे वेदकाळापासून आहेत. बारा राशी मात्र ग्रीकांशी संबंध आल्यावर, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत रुळल्या. १०८ चं कूळ त्याच्या आधीचं दिसतं. शतपथ ब्राह्मणात अग्निचयनाच्या वेदीसाठी १०,८०० विटा सांगितल्या आहेत, आणि हिशोबही तिथेच आहे: दिवसाचे ३० मुहूर्त, वर्षाचे ३६० दिवस, म्हणजे वर्षाचे १०,८०० मुहूर्त. प्रत्येक मुहूर्ताला एक वीट. वेदी म्हणजे विटांनी रचलेलं अख्खं वर्ष. त्याच ठिकाणी ऋग्वेदाच्या अक्षरांची संख्याही पंक्ती छंदात मोजली आहे. पंक्तीची अक्षरं ४०, अशा १०,८०० पंक्ती, एकूण ४,३२,०००.

त्यामुळे राशी येण्यापूर्वीच ही संख्या शंभर पटीत का होईना, मानाच्या जागी बसलेली होती. लसावि हे १०८ चं मूळ कारण असू शकत नाही.

पाटीपेन्सिल, रविवार, रात्री ८.१०

शमी, तुमचं बरोबर आहे. मी 'कारण' म्हणून मांडलं ते मागे घेते. असं म्हणते: संख्या आधीपासून घरात होती. राशी बाहेरून आल्या आणि नक्षत्रांशी त्यांचा मेळ घालताना पुन्हा तीच संख्या हाताला लागली. त्यानंतर ती हलली नाही.

मुहूर्ताला एक वीट, हे वाचून हातातलं काम थांबलं. आभार.

कुंडलिकाकाठ, रविवार, रात्री ९.३०

मुहूर्तावरून आठवलं. श्वासांचा हिशोब कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो.

दासबोधात अजपा जपाचा समास आहे. माणूस अहोरात्रात २१,६०० श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाला सोऽहं आपोआप घडतं, अशी कल्पना. म्हणजे मिनिटाला १५ श्वास, एक श्वास ४ सेकंदांचा. शांत बसलेल्या धडधाकट माणसाला हे अगदी लागू पडतं. जुनी कालगणनाही अशीच: ६ श्वासांचं एक पळ, ६० पळांची एक घटका, ६० घटकांचा दिवस.

आता वर्तुळ घ्या. ३६० अंश, अंशाला ६० कला, म्हणजे २१,६०० कला. तीच संख्या! आणि हा योगायोग नाही, मापं मुद्दाम जुळवलेली आहेत. आर्यभटाने ४९९ च्या सुमाराला लिहून ठेवलं आहे की पृथ्वी एका प्राणात एक कला फिरते. आपण एक श्वास घेतो तेवढ्यात आकाश एक कला सरकतं.

पाटीपेन्सिल ताईंचं नक्षत्रचरण २०० कलांचं (२१,६०० भागिले १०८). उलट बाजूने, दर श्वासाला एक मणी ओढला तर १०८ श्वासांची माळ ७ मिनिटं १२ सेकंदांत होते, आणि दिवसभरात अशा २०० माळा. आकाशाचे १०८ तुकडे, प्रत्येकात २०० कला. दिवसाच्या २०० माळा, प्रत्येकीत १०८ श्वास. पहिल्यांदा हे कागदावर मांडलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा भागाकार करून पाहिला होता.

मी रोज पहाटे एक माळ श्वासावर करतो. घड्याळ लावून पाहिलं आहे. सुरुवातीला साडेपाच मिनिटांतच संपायची, कारण मी मण्याच्या मागे धावत होतो. आता सात-सव्वासात मिनिटं लागतात.

शमी, रविवार, रात्री १०.०५

वा. एक बारीक दुरुस्ती: आर्यभटाचा हिशोब नाक्षत्र दिवसाचा (ताऱ्यांच्या संदर्भाने पृथ्वीची एक फेरी) आहे, तो आपल्या घड्याळाच्या २४ तासांहून सुमारे ४ मिनिटांनी लहान असतो. जपाला काही फरक पडत नाही, पण 'नेमकं ४ सेकंद' म्हणताना लक्षात असू द्यावं.

सोनचाफा७, सोमवार, सकाळी ७.५०

सूर्याचा व्यास पृथ्वीच्या व्यासाच्या १०८ पट, सूर्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या १०८ पट, आणि चंद्राचं अंतर त्याच्या व्यासाच्या १०८ पट. आपल्या ऋषींना हे ठाऊक होतं. हे खरं आहे ना?

तारांगण, सोमवार, सकाळी ९.१५

सोनचाफा, प्रश्न चांगला आहे. आकडे देते, मग आपणच ठरवू.

सूर्याचा व्यास सुमारे १३,९२,७०० किलोमीटर, पृथ्वीचा १२,७४२. भागाकार १०९.३. म्हणजे पहिलं विधान १०८ नव्हे, १०९.

सूर्याचं सरासरी अंतर सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. व्यासाने भागलं तर १०७.४. पण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे जानेवारीत १०५.६ आणि जुलैत १०९.२. वर्षातून दोनदा ते १०८ मधून जातं.

चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, व्यास ३,४७५. भागाकार ११०.६, आणि हाही महिन्याभरात साधारण १०५ ते ११७ असा हलतो.

तर आकडे जवळपासचे आहेत. पण 'ऋषींना अंतरं ठाऊक होती' असं यावरून म्हणता येत नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. कारण ही गोष्ट अंतर माहीत नसताना, अंगणात उभं राहून दिसते. मी करून पाहिली आहे.

गॅलरीच्या काचेवर दोन रुपयांचं नाणं चिकटवलं. पट्टीने मोजलं, २५ मिलिमीटर. पौर्णिमेला चंद्र समोर आल्यावर एक डोळा मिटून मागे मागे सरकत गेले. जवळून नाणं चंद्राला पुरता झाकतं. मागे जाता जाता एका जागी कडेने प्रकाशाची बारीक रेघ फुटते. तिथे मुलाने फरशीवर खडूने खूण केली. टेपने मोजलं तर २ मीटर ६६ सेंटिमीटर. नाण्याच्या १०६ पट. तीन महिन्यांनी पुन्हा केलं, तेव्हा २ मीटर ८१, म्हणजे ११२ पट. चंद्र लांब गेला होता! मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगू. खडूच्या दोन खुणांमध्ये चंद्राची कक्षा दिसली त्याला.

काठी असो, नाणं असो, स्वतःच्या सुमारे १०८ पट अंतरावरून ते चंद्राएवढं दिसतं. जुन्या निरीक्षकांनी हे पाहिलं असणं सहज शक्य आहे. (सूर्यावर हा प्रयोग कुणीही करू नये. डोळा जाईल.)

सोनचाफा७, सोमवार, सकाळी ९.४०

धन्यवाद. येत्या पौर्णिमेला गच्चीवर करणार. मेसेज पुढे पाठवणं थांबवलं.

वारणेकाठी, सोमवार, दुपारी १.३०

मी सांगलीकडचा, जैन घरातला. आमच्याकडे १०८ नावाआधी लागतो. दिगंबर मुनींच्या नावाआधी १०८ लिहितात, आर्यिका (साध्वी) आणि क्षुल्लक (मुनींच्या खालच्या पायरीवरचे त्यागी) यांच्या नावाआधी १०५. आमच्या आजोबांनी लहानपणी पाहिलेले चारित्रचक्रवर्ती १०८ आचार्य शांतिसागर महाराज. १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांची सल्लेखना (अन्नपाणी सोडून केलेला देहत्याग) झाली, तेव्हा गावागावातून लोक निघाले होते. आजोबा त्या दिवसांबद्दल बोलताना आवाज उतरवून बोलायचे.

श्वेतांबर परंपरेत पंचपरमेष्ठींचे गुण असे मोजतात: अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५, साधूंचे २७. बेरीज करा, १०८. पण मला जास्त पटतो तो दुसरा हिशोब. पाप होतं कसं? ठरवणं, तयारी करणं आणि प्रत्यक्ष करणं, म्हणजे संरंभ, समारंभ, आरंभ. हे तीन मनाने, वाणीने किंवा शरीराने. प्रत्येक गोष्ट स्वतः केलेली, करवून घेतलेली किंवा दुसऱ्याने केलेली पाहून मान डोलावलेली. आणि मागे क्रोध, मान, माया, लोभ यांतलं काहीतरी. ३ × ३ × ३ × ४ = १०८. माळेचा एकेक मणी म्हणजे कर्म आत येण्याची एकेक वाट.

आजी माळ घेऊन बसायची तेव्हा एका मण्यावर थांबून गप्प व्हायची. मी विचारलं तर म्हणाली, "हा मणी माझा आहे." कुठला, ते तिने सांगितलं नाही.

नाशिक जिल्ह्यात मांगीतुंगीला ऋषभदेवांची अखंड पाषाणातली मूर्ती १०८ फुटांची आहे, २०१६ मध्ये प्रतिष्ठापना झाली. पायथ्याशी उभं राहिलं की मान दुखेपर्यंत वर पाहावं लागतं.

उगवती, सोमवार, संध्याकाळी ६.२०

तोक्योहून लिहिते आहे. इथे ३१ डिसेंबरच्या रात्री बौद्ध मंदिरांत घंटा १०८ वेळा वाजवतात. रीत अशी की १०७ ठोके सरत्या वर्षात आणि शेवटचा नव्या वर्षात. आमच्या घराजवळच्या देवळात लोकांना रांगेने ठोका देऊ देतात. मागच्या वर्षी मी आणि नवरा थंडीत दीड तास उभे होतो. घंटा लाकडी ओंडक्याने वाजवायची, तो दोरांनी टांगलेला असतो. मागे ओढून सोडला की आवाज कानाआधी छातीत येतो आणि कितीतरी वेळ विरत नाही. तो पुरता विरल्याशिवाय पुढच्याला जाऊ देत नाहीत.

१०८ म्हणजे मनाचे क्लेश. मला सांगितलेला हिशोब वारणेकाठींच्या हिशोबाचा सख्खा भाऊ आहे: सहा इंद्रियं (मन धरून), प्रत्येकाला सुखद, दुःखद आणि मधली अशा तीन वेदना (म्हणजे संवेदना), ती प्रपंचातली किंवा विरक्तीची, आणि भूत, वर्तमान, भविष्य. ६ × ३ × २ × ३. पाली सुत्तांतही वेदनांचे १०८ प्रकार असेच मोजले आहेत.

पाटीपेन्सिल, सोमवार, रात्री ९.००

वारणेकाठी, उगवती, तुमचे दोन्ही प्रतिसाद शेजारी ठेवले आणि नातीच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे दिसलं.

१०८ = २ × २ × ३ × ३ × ३. दुसरा कुठलाही मूळ अवयव नाही. आपले पूर्वज जग मोजताना कशाकशाने भाग पाडत होते? तीन काळ, तीन लोक, काया-वाचा-मन. दोन पक्ष, चार कषाय (क्रोध, मान, माया, लोभ), चार दिशा, सहा ऋतू, बारा महिने. सगळे दोनाचे आणि तिनाचेच खेळ. अशा भागांचे एकमेकांशी गुणाकार करत गेलं तर १०८ वाटेत भेटणारच. वेगवेगळ्या घरांतली माणसं एकमेकांना न विचारता एकाच उंबऱ्यावर आली असतील, तर त्याचं कारण हे असावं. आणि गुणाकारच का? कारण मनाने केलेला क्रोध आणि वाणीने केलेला क्रोध वेगळे मोजायचे आहेत. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावायची तर बेरीज पुरत नाही.

नातीला हे तिच्या भाषेत सांगितलं. तीन फ्रॉक आणि चार ओढण्या, तर किती तऱ्हांनी नटशील? ती लगेच म्हणाली, बारा.

(पंचपरमेष्ठींच्या गुणांची मात्र बेरीज आहे, ती माझ्या म्हणण्यात बसत नाही. ती तशीच राहू दे.)

तंजावरकर, मंगळवार, सकाळी ८.३५

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, मराठी घरात बोलण्यापुरती राहिलेली, तेव्हा लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

नाट्यशास्त्रात नृत्याची १०८ करणं (हातापायांच्या ठरावीक हालचाली) सांगितली आहेत. चिदंबरमच्या गोपुरावर ती कोरलेली आहेत, सोबत संस्कृत श्लोकही. पण मला ओढ आहे ती आमच्या बृहदीश्वराच्या देवळातल्या करणांची. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ. गाभाऱ्याभोवती वरच्या मजल्यावर १०८ करणांसाठी दगड बसवले होते, त्यांतली ८१ कोरून झाली. उरलेले २७ दगड आजही कोरे आहेत. काम का थांबलं असेल, माहीत नाही, पण ते कोरे दगड कुणी काढले नाहीत की दुसऱ्या कशाने भरले नाहीत. हजार वर्षं ते वाट पाहत आहेत. मी भरतनाट्यम शिकत होते तेव्हा गुरू म्हणायच्या, "उरलेली सत्तावीस तुम्ही नाचा."

८१ आणि २७, म्हणजे बरोबर तीन भाग झाले आणि एक राहिला. ताईंचा धागा वाचून आज प्रथमच लक्षात आलं.

अवांतर: त्याच देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या काळातला भोसले घराण्याचा भला मोठा मराठी शिलालेख आहे. इकडे आलात तर तो जरूर वाचा.

पांढरा_कोट, मंगळवार, दुपारी २.१०

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्यासाठी १०८ म्हणजे गाडी. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्यांनी. आता खेड्यात कुणी 'रुग्णवाहिका' म्हणत नाही. "एकशेआठ बोलावली का?" "एकशेआठ निघालीय." मागच्या पावसाळ्यात एका वाडीतून बाळंतीण आली, गाडीतच सुटली होती. बाळाला पुसून आईच्या छातीशी दिलं आणि तिच्या सासूबाईंनी गाडीच्या दारावरच्या आकड्याला हात लावून नमस्कार केला. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

एवढंच सांगायचं होतं.

निवडुंग, मंगळवार, दुपारी २.३०

पांढरा_कोट, +१०८.

आजीची_पेटी, मंगळवार, संध्याकाळी ५.४५

माळ नसेल तेव्हा बोटांवर कसं मोजायचं, तेही नोंदवून ठेवू. आमच्या आजीची पद्धत: अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, म्हणजे उजव्या हातावर बारा. एक फेरी झाली की डाव्या हाताचं एक पेर पुढे. डाव्या हाताची नऊ पेरं भरली की माळ पुरी. शेतात निंदताना, गाडीत बसल्यावर, दवाखान्याच्या बाकावर ती अशीच जपायची. अंगठा हलताना दिसला की समजायचं, आता बोलायचं नाही.

शेजारच्या काकूंची रीत वेगळी होती. मधल्या बोटाची दोन पेरं मेरू म्हणून सोडून उजव्या हातावर दहाच मोजायच्या, अशा दहा फेऱ्या आणि वर आठ. त्या म्हणायच्या, शंभर देवाचे, आठ आपल्या चुकांचे. मध्येच लक्ष उडालं, एखादा मणी दोनदा ओढला गेला, तर ते आठांतून वजा.

तीनतिरपागडे, मंगळवार, रात्री १०.२०

आता निव्वळ गणिताचं. वर येऊन गेलेलं सोडून.

१ चा पहिला घात, २ चा दुसरा, ३ चा तिसरा, यांचा गुणाकार करा. १ × ४ × २७ = १०८.

१०८ चे विभाजक बारा: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, २७, ३६, ५४, १०८. आणि या बारानेही १०८ ला भाग जातो. अर्ध्या माळेचे ५४ आणि पाव माळेचे २७ मणी यातूनच निघतात. शंभरची माळ पाव करून २५ पर्यंत येता येतं, पण तिचे तीन सारखे भाग होत नाहीत.

नियमित पंचकोनाचा प्रत्येक आतला कोन १०८ अंशांचा. ताई, तुमच्या त्या कागदी पट्टीसारखीच एक अरुंद पट्टी घ्या, तिला साधी गाठ मारा आणि चुरगळू न देता हळूच ओढून दाबा. नियमित पंचकोन तयार होतो. कोनमापक लावून बघा.

आता शेवटचं, आणि ते तुमच्या नाशिकचं आहे. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे द. रा. कापरेकर. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. १ + ० + ८ = ९, आणि १०८ भागिले ९ = १२. हर्षद झाली. पण त्यांनीच शोधलेला दुसरा प्रकार आहे स्वयंभू संख्यांचा, त्यांना देवळाली संख्याही म्हणतात. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. २१ पासून २१ + २ + १ = २४. म्हणजे २४ ची जननी २१. ज्या संख्येला अशी जननीच नाही, ती स्वयंभू.

१०८ ला जननी आहे का? १०२ पासून १०५ येतात, १०३ पासून १०७, १०४ पासून एकदम १०९. मधले १०८ निसटले. दोन अंकी संख्यांत शोधा. दशकाचा अंक अ आणि एककाचा ब धरला तर ११अ + २ब = १०८ हवं. अ सम असायला पाहिजे, म्हणून जास्तीत जास्त ८. मग २ब = २०, ब = १०, आणि १० हा अंक होत नाही. जननी नाही.

१०८ स्वयंभू आहे.

कुंडलिकाकाठ, मंगळवार, रात्री १०.४०

अंगावर काटा आला.

पाटीपेन्सिल, गुरुवार, संध्याकाळी ७.१५

उशिरा लिहिते आहे, कारण काल पंचवटीत गेले होते. तीन दुकानांत नवीन माळच घ्या म्हणाले. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या बाबांनी पेटीतून सुटा मणी काढून दिला, पैसे घेतले नाहीत. रात्री नवीन सुती दोऱ्यात माळ ओवली. प्रत्येक मण्यानंतर गाठ घालत गेले, म्हणजे पुन्हा तुटली तरी सगळे मणी पसरणार नाहीत. १०७ मणी आईच्या बोटांनी गुळगुळीत, काळसर झालेले. एक पांढुरका, अजून खडबडीत. जप करताना तो बोटाला बरोबर कळतो.

देवळाली आमच्यापासून बसने अर्ध्या तासाच्या आत आहे. कापरेकरांच्या हर्षद संख्या मी वर्षानुवर्षं मुलांना सांगितल्या, पण माळेची संख्या स्वयंभू आहे का, हे तपासायचं कधी सुचलं नाही. तीनतिरपागडे, तुमचं ऋण आहे.

आणि नात. तिने मंगळवारपासून वहीत जननी शोधायचा सपाटा लावला आहे. तिची यादी इथे देते: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. म्हणाली, "आजी, नऊपासून पुढे सगळे अकरा-अकराने जातात!" खरंच, ९ पासून अकराच्या नऊ उड्या मारल्या की १०८ येतात. मी म्हटलं, मग आता ११९ येणार. तिने तपासलं. १०९ ही जननी धरून १०९ + १ + ० + ९ = ११९. म्हणजे ११९ स्वयंभू नाही. अकराची शिडी १०८ वर येऊन संपते. त्याच्या नंतरची स्वयंभू संख्या तिला ११० मिळाली, दोनच पावलांवर.

आता ती विचारते आहे की अशीच शिडी पुढे हजारानंतर पुन्हा तुटते का. आम्ही दोघी वही घेऊन बसलो आहोत. कुणी आधी करून पाहिलं असेल तरी उत्तर इथे लिहू नका, तिला सापडू दे.